चौघं, एक बंद एम एटी आणि वाईचा उन्हाळा: प्रकल्प नोंदी

१५ डिसेंबर २०२४

आज आमच्या पिक्चरच्या स्क्रिप्टचं पहिलं पूर्ण वाचन झालं, पुण्यात ताईंच्या घरी. ताई म्हणजे आमच्या दिग्दर्शक. मी सहलेखक आणि चीफ एडी (मुख्य सहाय्यक दिग्दर्शक), म्हणजे आधी स्वतः अवघड सीन लिहायचे आणि मग ते वेळेत कसे बसणार म्हणून स्वतःच बोंबलायचं. गोष्ट साधी आहे. दहावीची परीक्षा संपलीये, निकाल लागायचाय, मधले दोन-अडीच महिने. वाईजवळच्या गावातली चार पोरं, लंब्या, ढेप्या, कॅप्टन (ही मुलगी, तिघांवर हुकूम चालवते म्हणून हे नाव) आणि लंब्याचा धाकटा भाऊ टिल्लू, जो कुणी न बोलावता सगळीकडे असतो. ह्यांना जुनी गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच वगैरे रद्दीत विकून एक मोडकी एम एटी (बजाजची जुनी दुचाकी) घ्यायचीये. निकालानंतर कॅप्टन पुण्याला जाणार हे सगळ्यांना माहितीये आणि कुणीच त्याबद्दल बोलत नाही.

वाचताना एक गोष्ट खटकली ती ताईंनीच आधी बोलून दाखवली. पोरं सारखी एकमेकांना सांगतायत की आपण कायम सोबत राहू, तू माझा भाऊ आहेस, वगैरे. चौदा-पंधरा वर्षांची पोरं असलं कधी बोलतात? ती फक्त एकमेकांची मापं काढतात. असली सगळी वाक्यं लाल पेनानं मारली. स्क्रिप्ट बरीच बारीक झाली आणि निर्मात्यांना वाटलं की इमोशन गेलं. ताई म्हणाल्या इमोशन फ्रेममध्ये दिसेल. म्हणजे नक्की कुठं, हे तेव्हा त्यांनी सांगितलं नाही.

९ जानेवारी २०२५

ऑडिशन, सातारा आणि वाई. एकेकट्या पोराला कॅमेऱ्यासमोर उभं करून 'रडून दाखव, हसून दाखव' हा प्रकार ताईंनी पहिल्या तासातच बंद केला. आता तिघातिघांना आत बोलवायचं, एक वडापाव द्यायचा आणि सांगायचं, वाटून खा, आम्ही फोनवर बोलून येतो. कॅमेरा चालू ठेवून बाहेर जायचं. पालकांना आधी कल्पना दिलेली, पोरांना नाही.

ह्यात जे बघायला मिळालं ते कुठल्या संवादात लिहिता आलं नसतं. एका गटात एकानं अख्खा वडा काढून स्वतः घेतला आणि पाव दोघांना वाटला. दुसऱ्या गटात तिघंही नको नको करत बसले आणि वडापाव गार झाला, ते सगळे शाळेतून सरांनी 'नीट वागा' सांगून पाठवलेले. आणि एका गटात मुलीनं तीन तुकडे केले, सगळ्यात मोठा कुठला ह्यावर दोघं पोरं भांडायला लागली तोवर तिनं मिरची संपवून टाकली. ती कॅप्टन. भांडणाऱ्यातला एक ढेप्या. हे दोघं त्या आधी एकमेकांना ओळखतही नव्हते.

लंब्या आणि टिल्लू खरे भाऊ मिळालेत. टिल्लू ऑडिशनला आलाच नव्हता, भावाची बॅग धरून बसला होता.

२ फेब्रुवारी

एम एटी सापडली. मेणवलीकडच्या एका दूधवाल्या काकांच्या गोठ्यात, वर कडबा रचलेला. दोन्हीकडं किटल्या अडकवायचे हूक अजून आहेत, सीट फाटलेली, रंग म्हणावा तर निळा. काका म्हणाले चालू करून देतो, एक प्लग टाकला की पळंल. आम्ही म्हणलं नको.

कारण असं की वकील मित्राला विचारून घेतलं होतं. अठराच्या आतल्या पोरानं सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवायची नाही, सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते फक्त ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि एम एटीला तर हातात गिअर. शिवाय २०१९ पासून अल्पवयीन पोरानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि २५ हजार दंड. दूधवाल्या काकांना आमच्यापायी कोर्टात कशाला उभं करायचं. स्क्रिप्टमधे पोरं शेवटी एम एटीवरून पसरणी घाट चढून पाचगणीला जातात असं होतं. ट्रॉलीवर गाडी ठेवून, ट्रॅक्टर लावून करता आलं असतं, पण पैसे आणि घाटातली ट्रॅफिक बघता अवघड होतं.

तर रात्री चहा पिताना ठरलं की ती गाडी पिक्चरभर चालूच होणार नाही. पोरं ती ढकलत नेणार. सगळीकडे. दुकानात, घाटावर, धोम धरणाकडं. एक जण वर बसणार आणि तिघं ढकलणार, आणि कोण बसणार ह्यावरून भांडण. हे ठरल्यावर माझ्या वहीत मी तीन पानं सलग लिहून काढली, कारण आता सीनमधे आपोआप चौघं एका जागी, एका दिशेनं तोंड करून, हातात काम असलेले असे मिळाले आणि असं काम चालू असतानाच पोरं खरं बोलतात.

२५ फेब्रुवारी

कागदपत्रांचा दिवस, लिहून ठेवतो म्हणजे पुढच्या वेळी कुणाला उपयोग होईल.

चौदाच्या आतल्या मुलाला सिनेमात घ्यायचं तर जिथं शूट आहे त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०१७ च्या नियमांत सगळं स्पष्ट आहे: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांवर विश्रांतीशिवाय काम नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, पाच मुलांमागं किमान एक जबाबदार माणूस आणि मानधनातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावानं एफडी. आमच्यात चौदाच्या आतला फक्त टिल्लू. पण ताई म्हणाल्या पाच तासांचा नियम चौघांनाही लावायचा. मी चीफ एडी म्हणून पोटात गोळा आला. नंतर विचार केला की सहाव्या तासाला थकलेलं पोर विनोद करत नसतं.

म्हशीचा पण विषय निघाला. स्क्रिप्टमधे एक म्हैस एम एटीची सीट खाते. जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची आधी परवानगी, मंडळाचं ऑफिस हरियाणात बल्लभगडला, डॉक्टरचं सर्टिफिकेट, म्हशीच्या मालकाचं पत्र. म्हैस रद्द. सीट आधीच फाटलेली आहे, कुणी फाडली हे चौघं एकमेकांवर ढकलतात, तेवढंच ठेवलं. म्हशीपेक्षा बरं झालं खरंतर.

लंब्या आणि कॅप्टन खरोखर दहावीला आहेत. बोर्डाची परीक्षा २१ तारखेला सुरू झाली, १७ मार्चपर्यंत दोघांना फोनसुद्धा करायचा नाही असं दोघांच्या आयांनी बजावलंय.

२० मार्च

काल रंगपंचमी, म्हणजे वाईजवळच्या बावधनचं बगाड. रेकीला, म्हणजे शूटच्या जागा बघायला, आलेलो आणि गर्दीत अडकलो. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळणार नाही, लाकडाचा तो अवाढव्य गाडा, बैलांच्या जोड्या बदलत बदलत सोनेश्वरपासून बावधनपर्यंत ओढत आणतात. साउंडवाला मित्र खूश, रेकॉर्डर काढून उभाच राहिला. हा आवाज पिक्चरमधे कुठं वापरायचा ते माहीत नाही, पण हार्ड डिस्कवर आहे.

वाईत एक बरं आहे, शूटिंगचं कुणाला काही वाटत नाही. मेणवलीच्या घाटावर इतक्या हिंदी पिक्चरवाल्यांनी तंबू टाकलेत की कॅमेरा बघून पोरं गोळा होत नाहीत. उलट रेट विचारतात. ज्यांच्या ओट्यावर सीन आहे त्या आजी म्हणाल्या, "हिरो कोण हाय?" मी पोरांकडं बोट केलं. आजी म्हणाल्या, "मग निम्मे द्या."

आजपासून वर्कशॉप. चौघांच्या डोक्यात कालचा रंग आहे, ढेप्याचा एक कान हिरवा.

३ एप्रिल

वर्कशॉपमधे ॲक्टिंग शिकवत नाही. सकाळी दोन तास एम एटी ढकलायची, नाश्ता, मग नदीवर. बस्स. निर्मात्यांचा माणूस येऊन बघून गेला आणि विचारलं पोरं काय करतायत, मी म्हणलं प्रोसेस चालू आहे.

पण खरंच चालू आहे. पहिल्या आठवड्यात चौघं एकमेकांशी पाहुण्यासारखं बोलत होती. आता ढेप्या कॅप्टनला 'ए बाई' म्हणतो आणि ती त्याच्या पाठीत घालते. लंब्या कमी बोलतो, पण गाडी चढाला लागली की तो न सांगता डाव्या बाजूनं मागं येतो, कारण ढेप्याचा डावा हात लवकर दुखतो. हे आम्ही सांगितलेलं नाही. ताईंनी कॅमेरामनला दाखवलं आणि म्हणाल्या, हे क्लोजमधे, म्हणजे एकाच तोंडाच्या जवळच्या शॉटमधे, दिसणार आहे का? नाही. मग शॉट रुंद ठेवा.

तर डिसेंबरातलं ते 'इमोशन फ्रेममध्ये दिसेल' आत्ता कळलं. दोन दोस्त बोलत असताना ह्याचा क्लोज, त्याचा क्लोज असं तोडलं की आपल्याला एका वेळी एकच माणूस दिसतो. जोक मारणारा दिसतो आणि मग ऐकणारा दिसतो. पण दोस्तीत मजा तीच की एक बोलत असताना दुसऱ्याचं तोंड आधीच वाकडं व्हायला लागलेलं असतं, कारण त्याला माहितीये आता हा काय बोलणार. ते दोन्ही एकाच वेळी दिसलं पाहिजे. म्हणून चौघं जमतील तितकं एका फ्रेममधे, लांब शॉट, कमी कट. ३५ एमएमची लेन्स आणि सहा-सात पावलांचं अंतर, हे जवळजवळ ठरलं.

तोटा असा की एकाचं वाक्य चुकलं की चौघांचा टेक गेला.

१८ एप्रिल

सिगरेटचा सीन काढला. मूळ स्क्रिप्टमधे तिघं पोरं नदीकाठी पहिली सिगरेट ओढतात. वयात येण्याच्या पिक्चरमधे हे असतंच, आणि म्हणूनच कंटाळवाणं वाटत होतं. त्यात थिएटरला लावायचा तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्य खात्याची ३० सेकंदांची जाहिरात, शिवाय २० सेकंदांची सूचना आणि सीन चालू असताना खाली इशारा. सगळ्यात मोठं म्हणजे टिल्लू शेजारी बसलेला असणार. कागदावर सगळं जमवता आलं असतं पण अकरा वर्षांच्या पोरासमोर धूर कशाला.

त्याऐवजी दाढीचा सीन. लंब्याला ओठावर लव आलीये, कॅप्टनला स्टँडवर सोडायला जायच्या आदल्या दिवशी तो वडलांचा रेझर घेतो आणि तिघं त्याला सल्ले देतात, ज्यातल्या कुणालाच काही माहीत नाही. रेझरमधे ब्लेड नाही हे सांगायला नको. लिहिताना मी आणि ताई दोघं हसत होतो, फार दिवसांनी.

२७ एप्रिल

शूट सुरू. पहिले दोन दिवस सोपे सीन. रद्दीच्या दुकानात जुन्या ट्यूबा होत्या, आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, म्हणून शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं, नाहीतर मागच्या भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. आमचा कॅमेरा म्हणजे सोनीचा एक एफएक्स थ्री, बॅकअप म्हणून कॅमेरामनची स्वतःची अजून एक बॉडी. रात्री कार्डं दोन डिस्कवर उतरवायची, एक डिस्क माझ्याकडं, एक ताईंकडं, एकाच गाडीत दोन्ही ठेवायच्या नाहीत.

एडिटर सेटवर आला होता. रुंद शॉट बघून म्हणाला सेफ्टीला दोन क्लोज घ्या ना, मला कापायला काहीतरी द्या. ताईंनी घेतले. संध्याकाळी मला हळूच म्हणाल्या, घेतले खरे, पण चालू नळाच्या आवाजात घेतलेत, वापरता येणार नाहीत. च्यायला.

५ मे

ऊन. सकाळी सहा ते साडेआठ आणि दुपारी साडेचार ते सात एवढाच वेळ, पाच तास बरोबर भरतात. मधे पोरं एका घरात कूलरपुढं झोपतात किंवा पत्ते खेळतात, टिल्लू सगळ्यांकडून पैज जिंकतो, पैज गोळ्यांची.

कोकीळ नावाचा प्राणी साउंडवाल्याचा शत्रू नंबर एक. सिंक साउंड घेतोय, म्हणजे पोरांचा तिथलाच आवाज, नंतर डबिंग नाही. आता एका टेकमधे कोकीळ ओरडतेय, दुसऱ्यात गप्प, दोन टेक जोडले की आवाज मधेच तुटतो. म्हणून प्रत्येक जागी पोरांना घालवून दोन मिनिटं नुसता परिसराचा आवाज घ्यायचा, सगळ्यांनी गप्प उभं राहायचं. ह्या दोन मिनिटांत ढेप्याला हमखास हसू येतं. त्याला आता आधीच लांब पाठवतात, तर तिकडून त्याचं हसणं ऐकू येतं.

साउंडवाल्याची अजून एक सवय, सीन संपला की पोरांना गाडीत बसवून, काचा लावून, सगळी वाक्यं पुन्हा बोलून घेतो, कॅमेऱ्याशिवाय. वाइल्ड ट्रॅक. पोरं वैतागतात. माझ्या वेळापत्रकात त्याची दहा मिनिटं नाहीत, पण तो ऐकत नाही.

९ मे

सकाळी सव्वासहाला लंब्या सेटवर आला आणि ओठावर काही नाही. साफ. मामेभावाचं लग्न होतं, सूट घातलेला, करवल्यांनी चिडवलं म्हणे, ह्यानं मामाच्या रेझरनं उडवली. आई बरोबर आलेली, कौतुकानं सांगत होती, "दिसतोय की न्हाई मोठा?" मी हो म्हणलं, दुसरं काय म्हणणार.

दाढीचा सीन १६ तारखेला होता आणि कथेत त्याच्या आधी येणारे दोन सीन शिल्लक होते. मेकअपदादांनी केस चिकटवून बघितले तर पोरगं एकदम नाटकातला मावळा दिसायला लागलं. सगळे हसले, लंब्या सोडून.

मग ताईंनी एक केलं. टिल्लू सोडला तर बाकीच्यांनी अजून लंब्याला बघितलं नव्हतं, तिघंही दुसऱ्या गाडीतून येत होती. त्यांना तिथंच थांबवलं. कॅमेरा लावला, लंब्याला एम एटीवर पाठमोरं बसवलं आणि 'लंब्या दाढी करून येतो आणि बाकीचे बघतात' हा सीन लगेच घ्यायचं ठरलं. तिघांना सांगितलं फक्त एवढंच, येऊन गाडी ढकलायला लागा. टेक चालू, तिघं आली, लंब्या वळला.

ढेप्या आधी काही बोललाच नाही. तोंड उघडं ठेवून उभा. मग म्हणाला, "काकी, लंब्या हाय का घरात?" कॅप्टन रस्त्यावर बसली. टिल्लूनं, त्याला तर घरी माहीत होतं, जवळ जाऊन भावाच्या ओठावरून बोट फिरवलं आणि वास घेतला. लंब्या चिडून गाडीवरून उतरला तर स्टँड निसटला, गाडी चौघांनी मिळून धरली, तेही हसत हसत. अख्खं एका शॉटमधे. कट म्हणायला ताई विसरल्या.

रेझरचा सीन नंतर घेऊ, फेसाखाली मिशी आहे का नाही कुणाला दिसतंय. राहिलेल्या दोन सीनपैकी एक कथेत पुढं ढकलला, दुसऱ्यात तो पूर्णवेळ कलिंगड खातोय.

१३ मे

दहावीचा निकाल, दुपारी एकला ऑनलाइन. पिक्चरमधे निकालाचा सीन आहे आणि सेटवर दोन पोरांचा खरा निकाल. निर्मात्यांकडून सकाळीच फोन, कॅमेरा चालू ठेवा, असलं खरं परत मिळणार नाही. ताईंनी दुपारचं शूटच रद्द केलं, कॅमेरा बॅगेत. म्हणाल्या तो त्यांचा निकाल आहे, आपला नाही. मला हे पटलं. माझ्यातल्या एडीला अर्धा दिवस गेल्याचं वाईट वाटलं, तेही खरं.

राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. कॅप्टनला नव्वदच्या वर. लंब्या पास, साठच्या आत. लंब्याच्या आईनं पेढे आणलेले, तिनं वाटले, पण लंब्या घराच्या मागं जाऊन बसला. आम्ही मोठी माणसं सगळी एकमेकांकडं बघतोय की आता ह्याला काय बोलायचं, तेवढ्यात ढेप्या, जो नववीतून दहावीत गेलाय, तिकडं गेला आणि त्याचा आवाज आला, "मग आता तू माझ्याच वर्गात का?" लंब्या ओरडला, "पास झालोय रे येड्या!" आणि पेढ्याचा बॉक्स फेकून मारल्याचा आवाज. पाच मिनिटांनी दोघं बाहेर, शर्टाला पेढा लागलेला.

संध्याकाळी ताईंनी ढेप्याला विचारलं, ते वाक्य सीनमधे वापरू का. तो म्हणाला लंब्याला विचारा. लंब्या म्हणाला वापरा, पण टक्के वाढवा.

आईबाप मंडळींची वेगळीच गडबड. ह्या वर्षीपासून अकरावीचे प्रवेश अख्ख्या राज्यात ऑनलाइन, त्यामुळं आमचा प्रॉडक्शनवाला पोरगा, ज्याला लॅपटॉप येतो, तो आता सेटवरचा प्रवेश सल्लागार झालाय.

२४ मे

पाऊस. वळीव दोन दिवस येतो आणि जातो, हा जायलाच तयार नाही. आज मान्सून केरळात आल्याचं जाहीर झालं, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी, आणि इकडं तर तो आलाच आहे असं वाटतंय. उन्हाळ्याचा पिक्चर आणि डोंगर हिरवे व्हायला लागलेत. धोमचा लांब शॉट राहिला होता, तो ढगांत घेतला. बाकी शेवटचा संवाद गॅरेजच्या पत्र्याखाली हलवला. पोरांनी छान केलं. पण पत्र्यावर पावसाचा आवाज असा की साउंडवाल्यानं हेडफोन काढूनच ठेवले. वाइल्ड ट्रॅक घ्यायला गाडीत बसवलं तर गाडीचंही टप पत्र्याचंच. थोडी वाक्यं मिळाली मधल्या उघडिपीत. तेवढ्यात टिल्लूचे पाच तास संपले.

शूट संपलं. कुणी गळ्यात गळे घातले नाहीत, पोरं गाडीत झोपली.

१२ जुलै

एडिट, पुणे. पहिला जोड दोन तास अठ्ठावीस मिनिटांचा झाला, आता एक छप्पन्नवर आलाय. एडिटरची तक्रार कायम आहे की लांब शॉटमधे मला लय बदलता येत नाही, जिथं हसू येतं तिथं टेक दोन चांगला, जिथं गप्प होतात तिथं टेक पाच. ह्यावर उपाय एसटीनं दिला. घाटाच्या पायथ्याच्या ढकलायच्या सीनमधे कॅमेरा रस्त्याच्या ह्या कडेला, पोरं त्या कडेला आणि दोन्ही टेकमधे मधून एसटी गेलीये, फ्रेम पूर्ण झाकून. पहिली एसटी जाताना टेक दोन सोडायचा, दुसरी एसटी जाताना टेक पाच धरायचा. जोड दिसत नाही. साउंडमधे एकाच एसटीचा आवाज ठेवला. एडिटरनं स्वतःच चहा मागवला, म्हणजे त्याला आवडलंय.

निर्मात्यांना शेवटी जुन्या क्षणांची गाण्यावर झलक हवीये. नको म्हणून सांगितलंय, परत विचारणार हे माहितीये.

१४ सप्टेंबर

पत्र्याखालच्या सीनचं डबिंग, आणि ढेप्याचा आवाज फुटलाय. मे महिन्यात चिमणीसारखा होता, आता माइकसमोर आला आणि 'नमस्कार सर' म्हणाला तर मला वाटलं त्याचे वडील आलेत. पिच वर नेऊन बघितलं, कार्टून झालं. लंब्याचा आवाज आधीच बदललेला होता, त्याचं जुळतंय. कॅप्टन पुण्यात शिकतेय, कॉलेज करून आली, तिचं एका तासात उरकलं.

ढेप्याच्या वाक्यांपैकी बरीच त्या उघडिपीतल्या वाइल्ड ट्रॅकमधे निघाली. साउंडवाल्यानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढच्या पिक्चरला दहा मिनिटं लिहून देईन म्हणलं. एक वाक्य मात्र कुठंच नाही: "स्टँडवर येणार न्हाई मी, आधीच सांगतो." सीनमधला सगळ्यात महत्त्वाचा क्षण तोच. शेवटी फ्रेम बघितली, तर चौघं पाठमोरी, गाडीवर वाकलेली, कुणाचं तोंड दिसतच नाही. ते वाक्य लंब्याला दिलं. लंब्यानं ते बोलल्यावर अर्थ वेगळाच लागला, कारण सगळ्यांना वाटतं लंब्या तर येणारच. ताईंनी तीनदा बघितलं आणि तेच ठेवलं. क्लोजमधे शूट केलं असतं तर हे शक्यच नव्हतं, हे मी एडिटरला मेसेज करून कळवलं. त्यानं अंगठा पाठवला.

चौघांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात आता मी टाकलेलं वेळापत्रक आणि टिल्लूचे स्टिकर एवढंच दिसतं.

२ नोव्हेंबर

सेन्सॉरचा अर्ज भरायला घेतला. नव्या नियमांत यूएचे (लहानांनी पालकांच्या मार्गदर्शनानं बघायचे पिक्चर) तीन भाग झालेत, ७, १३ आणि १६ वर्षांवरचे. आमच्यात मारामारी नाही, धूर नाही, शिव्या आहेत पण साताऱ्याच्या मानानं काहीच नाहीत. ताईंना यू हवंय, मला यूए ७ मिळेल असं वाटतंय, एडिटरनं पैज लावलीये. सबटायटल्स चालू आहेत. 'काकी, लंब्या हाय का घरात' हे परदेशी माणसाला कसं सांगायचं ह्यावर पूर्ण दुपार गेली.

१६ नोव्हेंबर

वाईत पोरांना आणि घरच्यांना दाखवला, एका छोट्या हॉलमधे, प्रोजेक्टर आमचाच. पिक्चरचे रंग जुळवायचं काम अजून बाकी, आवाजाचं मिक्सिंग अर्धं. पहिली वीस मिनिटं चौघंही फक्त स्वतःकडं बघत होती. मध्यंतरात ढेप्याची तक्रार, की त्या मिशीच्या सीनमधे मी एवढं तोंड उघडलंय पण सगळे कॅप्टनकडंच बघणार, मला क्लोज पाहिजे होता. कॅप्टन म्हणाली सगळे टिल्लूकडं बघतात. टिल्लूला हे आधीच माहीत होतं. लंब्याची आई म्हणाली मी तर गाडीकडं बघत होते, पडती का काय म्हणून.

ह्यावरून एवढी वादावादी झाली की तो सीन परत लावला, मग परत, आणि प्रत्येक वेळी पोरं एकमेकांना ओरडून सांगतायत की आता माझ्याकडं बघा, आता माझ्याकडं. हॉल चारनंतर साखरपुड्याला दिलेला, मांडववाले खुर्च्या मोजायला लागले, म्हणून शेवटची पंचवीस मिनिटं बाहेर पायऱ्यांवर लॅपटॉपवर बघितली. हॉलचं भाडं मी भरलंय, पावती प्रॉडक्शनला पाठवायची आहे.